‘माइन काम्फ’ची मालकी, विक्री आणि विक्रेत्याचे उत्तरदायित्व : एक प्रतिवाद

द्वेषाचा प्रचार करणारी ऐतिहासिक पुस्तके सुसंस्कृत माणसाने घरात ठेवू नयेत आणि प्रामाणिक विक्रेत्याने दुकानात मांडू नयेत, ही भूमिका सद्भावनेतून मांडली जाते, आणि ती मांडणाऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. असे पुस्तक बाळगणे म्हणजे त्यातील विचाराला मूकसंमती देणे, ते विकणे म्हणजे त्या विचारातून झालेल्या अत्याचारावर नफा कमावणे, आणि त्याची टिपा-प्रस्तावनांसह अभ्यासपूर्ण आवृत्ती काढणे म्हणजे त्याला नसलेली प्रतिष्ठा देणे, असा हा युक्तिवाद पायरीपायरीने चढत जातो. यांपैकी एकही पायरी तपासणीत टिकत नाही. मात्र ती कोसळल्यावर विक्रेता आपोआप निर्दोष ठरतो, हा जो दुसरा निष्कर्ष पुस्तकव्यवहारातील मंडळी घाईने काढतात, तोही तितकाच चुकीचा आहे. या दोन्ही गोष्टींची परीक्षा घेण्यासाठी अॅडॉल्फ हिटलरच्या ‘माइन काम्फ’इतके कठोर उदाहरण दुसरे नाही, कारण त्या ग्रंथाच्या बाजूने बोलण्यासारखे काहीही नाही आणि त्यामुळे मालकी व विक्रीचा प्रश्न त्याच्या गुणदोषांपासून वेगळा काढून पाहता येतो.

या ग्रंथाचा पहिला खंड १९२५ मध्ये आणि दुसरा १९२६ च्या अखेरीस म्युनिकच्या फ्रांझ एहेर या नाझी पक्षाच्या प्रकाशनगृहाने काढला. १९४५ पर्यंत जर्मन भाषेत त्याच्या सुमारे सव्वा कोटी प्रती छापल्या गेल्या, आणि १९३६ नंतर अनेक नगरपालिकांनी नवविवाहित जोडप्यांना तो शासकीय भेट म्हणून दिला. म्हणजे त्या काळातील लक्षावधी जर्मन घरांत हे पुस्तक मालकाने निवड केल्याशिवायच येऊन पडले होते. युद्धानंतर मात्र, पुस्तक घरोघरी होते पण ते कुणी वाचलेच नव्हते, असा सोयीस्कर समज जर्मनीत रुजला आणि तो कित्येक दशके टिकला. ओथमार प्लोकिंगर या अभ्यासकाने ग्रंथालयांतील देवघेवीच्या नोंदी, तत्कालीन परीक्षणे आणि प्रकाशकीय कागदपत्रे तपासून त्या समजाला जोरदार धक्का दिला. पुस्तक मागून नेले जात होते, चर्चिले जात होते आणि वाचलेही जात होते. एका राष्ट्राने स्वतःची जबाबदारी टाळण्यासाठी घेतलेला आडोसा दूर झाला तो या कागदपत्रांमुळे. बाळगणे म्हणजे संमती असे मानून प्रत्येकाने आपली प्रत आणि प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या नोंदी नष्ट केल्या असत्या, तर तो आडोसा कायमचा उभा राहिला असता, आणि त्याचा लाभ ज्यांनी ते पुस्तक मनापासून वाचले होते त्यांनाच झाला असता.

पुस्तक बाळगण्यावरून माणसाची नियत ठरवण्याची सवय भारतीय समाजाने प्रथम वसाहतवादी सरकारकडून पाहिली, हेही विसरता येत नाही. वि. दा. सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथावर १९०९ मध्ये तो वाचकांच्या हाती पडण्यापूर्वीच बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत राहिली. त्या काळात त्याची प्रत बाळगणारा माणूस, त्याने ती का बाळगली याची चौकशी न होताच, राजद्रोहाच्या संशयाखाली येत असे. पुस्तक सरकारजमा करण्याचा अधिकार, म्हणजे अधिसूचना काढून त्याची प्रत्येक प्रत जिथे सापडेल तिथून जप्त करण्याचा अधिकार, स्वतंत्र भारताच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही कलम ९५ म्हणून राहिला आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये कायम आहे. या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणातील दोन आरोपींना जामीन देताना घेतलेली भूमिका महत्त्वाची ठरते : एखादे साहित्य हिंसेला प्रेरणा देणारे असले तरी ते नुसते जवळ बाळगल्याने दहशतवादी कृत्याचा गुन्हा सिद्ध होत नाही. कपाटातील पुस्तकावरून मालकाचे मन वाचता येत नाही, ही साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली, यावरून ती किती सहज विसरली जाते हे दिसते.

या ठिकाणी विरोधी बाजूकडून महाडचा दाखला दिला जातो, आणि तो गांभीर्याने घेण्यासारखा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाच्या ठरावाची मांडणी गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी केली होती. अन्यायाचा ग्रंथ जाळणे हे नैतिक कृत्य असेल, तर तसा ग्रंथ जपणे आणि विकणे अनैतिक ठरत नाही काय, असा हा प्रश्न आहे. पण महाडला ग्रंथाचे अस्तित्व मिटवायचे नव्हते; माणसांवरची त्याची सत्ता नाकारायची होती. कुणाच्या घरात शिरून प्रती हिसकावल्या गेल्या नाहीत, कुठल्या ग्रंथालयावर चाल झाली नाही, कुठल्या विक्रेत्याला धमकावले गेले नाही. ज्यांना तो ग्रंथ शतकानुशतके वाचूही दिला गेला नव्हता, त्यांनी तो उघडपणे अमान्य केल्याचे जगाला सांगितले. त्यानंतर आंबेडकरांनी मनुस्मृतीकडे पाठ फिरवली नाही. शूद्रांच्या मूळाविषयीचा त्यांचा १९४६ चा ग्रंथ आणि त्यांचे इतर लेखन मनूच्या वचनांचा बारकाईने घेतलेला समाचार आहे, आणि तो समाचार घेण्यासाठी ग्रंथ हाताशी असावा लागतो. याउलट १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या ऑपेरा चौकात जी होळी झाली, तिच्यातील पुस्तके दुसऱ्यांच्या संग्रहांतून ओढून आणलेली होती. माग्नुस हिर्शफेल्ड यांच्या लैंगिकशास्त्र संस्थेचे ग्रंथालय त्याच्या चारच दिवस आधी लुटले गेले होते. दोन्ही ठिकाणी अग्नी होता म्हणून दोन्ही घटना एका जातीच्या ठरत नाहीत. एकीत दुर्बळांनी सत्तेला नकार दिला, दुसरीत सत्तेने दुर्बळांची स्मृती पुसली. विक्रीबंदीचे समर्थक महाडचे नाव घेतात, पण त्यांची मागणी अमलात आणण्यासाठी लागणारी यंत्रणा, म्हणजे शोध, जप्ती आणि शिक्षा, बर्लिनच्या बाजूला झुकते.

दुसरा आक्षेप विक्रीचा. येथे जर्मनीचा सत्तर वर्षांचा अनुभव तयार आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष करून या विषयावर बोलणे बेजबाबदारपणाचे आहे. युद्धानंतर हिटलरच्या मालमत्तेबरोबर ग्रंथाचा स्वामित्वहक्क, म्हणजे पुनर्मुद्रणाला परवानगी देण्याचा किंवा ती नाकारण्याचा अधिकार, बव्हेरिया राज्याकडे आला, कारण हिटलरचा अधिकृत निवासाचा पत्ता म्युनिकचा होता. राज्याने तो अधिकार पुनर्मुद्रण रोखण्यासाठी वापरला. जर्मनीत ‘माइन काम्फ’ बाळगणे मात्र कधीच गुन्हा नव्हता, आणि जुन्या प्रतींची विक्रीही नव्हती. १९७९ मध्ये तेथील सर्वोच्च फौजदारी न्यायपीठाने असा निर्णय दिला की हा मजकूर प्रजासत्ताकाचे संविधान अस्तित्वात येण्यापूर्वीचा असल्यामुळे संविधानविरोधी प्रचारसाहित्याचे कलम त्याच्या जुन्या प्रतींच्या विक्रीला लागू होत नाही. म्हणजे जुन्या पुस्तकांच्या दुकानात नाझी काळातील मूळ छपाई, कसल्याही टिपेशिवाय, विकत मिळू शकत होती. परदेशांत बेकायदा आवृत्त्या निघत होत्या. पुढे संगणकावर संपूर्ण मजकूर कुणालाही उपलब्ध झाला. या बंदोबस्ताने प्रत्यक्षात एकच गोष्ट परिणामकारकपणे अडवली, ती म्हणजे इतिहासकारांनी तपासलेली, खोट्या विधानांना जागच्या जागी उत्तर देणारी जर्मन आवृत्ती.

असाच अनुभव अमेरिकेत त्याआधीच आला होता. १९३३ मध्ये तेथे निघालेल्या अधिकृत संक्षिप्त अनुवादातून सर्वांत धक्कादायक मजकुराचा मोठा भाग गळला होता. अॅलन क्रॅन्स्टन या तरुण पत्रकाराने, जो पुढे सिनेटर झाला, १९३९ मध्ये गाळलेला आशय टीकाटिपणीसह दहा सेंट किमतीच्या वृत्तपत्रासारख्या पुस्तिकेत छापला आणि हिटलरला त्यातून मानधन मिळणार नाही असे मुखपृष्ठावरच जाहीर केले. पुस्तिका लाखोंनी खपली. मग स्वामित्वहक्काच्या दाव्यात न्यायालयाने तिची विक्री थांबवली. धोका लपवणारी आवृत्ती कायद्याच्या संरक्षणाखाली विकली जात राहिली आणि धोका दाखवणारी बंद पडली. विक्री हेच पाप मानणाऱ्यांना या दोन आवृत्त्यांत फरक करता येत नाही, आणि हा त्यांच्या भूमिकेतील सर्वांत गंभीर दोष आहे, कारण ज्या वाचकाला वाचवण्याची त्यांची इच्छा आहे त्याचे भवितव्य नेमके त्या फरकावर अवलंबून असते.

तिसरा आक्षेप प्रतिष्ठेचा, आणि तो सर्वांत आदरपूर्वक ऐकण्यासारखा आहे, कारण तो करणाऱ्यांत छळातून वाचलेली माणसे आहेत. म्युनिकच्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोट क्नोब्लोख, ज्यांनी नाझी काळात बालपणीची काही वर्षे खेड्यातील एका कुटुंबात ओळख लपवून काढली, त्यांनी म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने आखलेल्या सटीप आवृत्तीलाही विरोध केला. द्वेषाच्या त्या पेटीला पुन्हा हात लावू नये, असे त्यांचे म्हणणे होते. बव्हेरिया सरकारने २०१२ मध्ये या आवृत्तीसाठी पाच लाख युरो मंजूर केले आणि २०१३ च्या अखेरीस, वाचलेल्यांच्या भावनांचा हवाला देऊन, आपला पाठिंबा काढून घेतला. ही वेदना युक्तिवादाने खोडून काढण्याची गोष्टच नाही. पण वेदनेतून निघणारा निष्कर्ष एकच असतो असेही नाही : जर्मनीतील ज्यूंच्या केंद्रीय परिषदेचे अध्यक्ष योसेफ शुस्टर यांनी अभ्यासपूर्ण आवृत्तीला विरोध केला नाही, कारण स्वामित्वहक्काची मुदत ३१ डिसेंबर २०१५ रोजी संपणारच होती आणि त्यानंतर बाजारात कुठली आवृत्ती पहिली पोहोचते हाच खरा प्रश्न उरला होता.

म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने ८ जानेवारी २०१६ रोजी आपली आवृत्ती स्वतःच प्रकाशित केली. क्रिस्टियान हार्टमान यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या दोन खंडांत सुमारे दोन हजार पृष्ठे आणि साडेतीन हजारांहून अधिक टिपा आहेत, आणि पानाची रचना अशी आहे की हिटलरचा मजकूर मध्यभागी राहतो व टिपा त्याला बाजूंनी वेढतात. वाचकाची नजर खोट्या विधानावरून हटण्यापूर्वीच त्याचे खंडन तिच्यासमोर येते. एकोणसाठ युरो किमतीच्या या जाडजूड ग्रंथाची पहिली छपाई चार हजारांची होती, आणि वर्षभरात सुमारे पंच्याऐंशी हजार प्रती विकल्या गेल्या. हा आकडा पाहून ज्यांना धास्ती वाटली त्यांना संस्थेने वर्षभरानंतर सांगितले की ग्राहक प्रामुख्याने इतिहासात रस असणारे व शिक्षणक्षेत्रातले लोक आहेत. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये निघालेल्या आवृत्तीने आणखी पुढचे पाऊल टाकले : मुखपृष्ठ साधे, चित्राविना, किंमत शंभर युरो, दुकानात ढीग न मांडता मागणी नोंदवल्यावर प्रत मिळण्याची व्यवस्था, आणि उत्पन्न आउश्वित्झ-बिर्केनाउ प्रतिष्ठानाकडे. यातल्या प्रत्येक निर्णयात विक्रीची नीती दिसते. प्रतिष्ठा दिल्याचा आरोप या आवृत्त्यांवर करणाऱ्याने एवढे सांगावे, की ज्या मजकुराच्या जवळपास प्रत्येक परिच्छेदाला पुराव्यानिशी खोटे ठरवले आहे, त्याची प्रतिष्ठा वाढली की संपली?

विक्रीबंदीच्या भूमिकेत आणखी एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे निषिद्ध काय हे ठरवणारा कुणी शहाणा आणि निःपक्षपाती अधिकारी उपलब्ध आहे. महाराष्ट्राने या गृहीताची किंमत मोजली आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील २००३ च्या पुस्तकातील एका आक्षेपार्ह विधानावरून क्षोभ उसळला, प्रकाशकाने पुस्तक बाजारातून मागे घेतले, आणि तरीही ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन हस्तलिखिते व ग्रंथांची नासधूस झाली. हल्ल्याचे लक्ष्य ठरलेल्या संस्थेने ते पुस्तक लिहिलेही नव्हते आणि छापलेही नव्हते. त्यानंतर शासनाने ते सरकारजमा केले. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो आदेश रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम ठेवला. त्या विधानाचे समर्थन करण्याची गरज नाही. सनावळी आणि साधने पुढे ठेवून त्याचे खंडन करणे हाच मराठी इतिहाससंशोधनाचा, इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्यापासूनचा, रिवाज होता. पण विक्रेत्याने स्वतःहून पुस्तक नाकारावे ही नैतिक अपेक्षा एकदा सर्वमान्य झाली, की ती कुठल्या पुस्तकापाशी थांबेल हे विवेक ठरवत नाही, दुकानाच्या काचेची भीती ठरवते.

एवढे सांगून झाल्यावर पुस्तकव्यवहाराच्या बचावाकडे वळावे लागते, कारण त्याचा नेहमीचा पवित्रा असा, की दुकानदार केवळ वस्तू हातात देतो आणि आत काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. कायद्याने हा पवित्रा भारतात फार पूर्वी फेटाळला आहे, आणि तोही मुंबईतल्याच एका दुकानाच्या प्रकरणात. डिसेंबर १९५९ मध्ये हॅपी बुक स्टॉलमध्ये पोलिसांनी पाठवलेल्या बनावट ग्राहकाला ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ची असंक्षिप्त प्रत विकली गेली, भागीदार रणजित उदेशी यांचे अपील १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले, आणि न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी स्पष्ट केले की पुस्तकातील अश्लीलतेची विक्रेत्याला जाणीव होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी अभियोगपक्षावर नाही. दंड वीस रुपयांचा होता, पण तत्त्व अन्याय्य होते, कारण त्याने अजाण विक्रेत्यालाही गुन्हेगार ठरवले. फौजदारी शिक्षेचा हा आधार चुकीचा असला, तरी त्यातून उलट टोकाचे तत्त्व, म्हणजे विक्रेत्याने अजाण राहणे हा त्याचा हक्कच आहे, असे निष्पन्न होत नाही. शिक्षेच्या क्षेत्राबाहेर जबाबदारीचे मोठे क्षेत्र उरते.

‘माइन काम्फ’ भारतात ज्या रूपात विकले जाते, ते या जबाबदारीच्या कसोटीवर उतरत नाही. विमानतळावरच्या दुकानांपासून पदपथावरच्या ढिगांपर्यंत स्वस्त आवृत्त्या मिळतात, त्यांचा शेजार बहुधा यशस्वी उद्योजकांच्या चरित्रांचा आणि व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांचा असतो, आणि आत ना टीप असते ना इतिहासकाराची प्रस्तावना. यांपैकी अनेक इंग्रजी आवृत्त्यांत जेम्स मर्फी यांचा १९३९ चा अनुवाद असतो, कारण मर्फी १९४६ मध्ये वारले आणि त्यांच्या मजकुराला आता स्वामित्वहक्काचे मोल द्यावे लागत नाही. हा अनुवाद मुळात गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाच्या सांगण्यावरून बर्लिनमध्ये सुरू झाला होता, ही गोष्ट भारतीय ग्राहकाला सांगितली जात नाही. त्याला हेही सांगितले जात नाही की त्याच ग्रंथात हिटलरने भारतीय स्वातंत्र्याच्या आकांक्षेची अवहेलना केली आहे आणि भारत इंग्रजांच्याच अंमलाखाली राहावा अशी पसंती नोंदवली आहे. मे १९४२ मध्ये सुभाषचंद्र बोस हिटलरला भेटले तेव्हा त्यांनी या मजकुराचा विषय काढला होता. राष्ट्रउभारणीचे पाठ शिकण्याच्या समजुतीने जो तरुण हे पुस्तक विकत घेतो, त्याच्यापासून त्याच्याच देशाविषयीचा मजकूर कुणी लपवलेला नाही, पण त्याकडे बोट दाखवण्याचे कष्टही कुणी घेतलेले नाहीत.

महाराष्ट्रात या निष्काळजीपणाला आणखी एक बाजू आहे. कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले बेने इस्रायल हे मराठीभाषक ज्यू आहेत. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. नाझी राजवटीच्या छायेतून निघून मुंबईत आलेल्यांत आकाशवाणीची सुपरिचित प्रारंभधून रचणारे वॉल्टर कौफमान होते, आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुण चित्रकारांना आधार देणारे रुडॉल्फ फॉन लायडेन, वॉल्टर लांगहॅमर व इमॅन्युएल श्लेसिंजर होते. ज्या शहराने या माणसांना आसरा दिला, त्याच शहरात त्यांना देशोधडीला लावणारा ग्रंथ नेतृत्वगुणांचे पुस्तक म्हणून विकला जावा, ही लज्जेची गोष्ट आहे, आणि ती लज्जा पुस्तक विकले जाते यामुळे उद्भवत नाही. ते कशाच्या शेजारी ठेवून, काय सांगून आणि काय न सांगता विकले जाते, यामुळे उद्भवते.

म्हणून मागणी बंदीची न करता नेमकी करायला हवी. मराठी अनुवाद छापणाऱ्या प्रकाशकाने तो कोणत्या इंग्रजी अनुवादावरून केला आणि त्या अनुवादाचा इतिहास काय, हे शीर्षकपानामागे छापावे. भारताविषयीच्या उताऱ्यांना आणि ज्यूंविषयीच्या खोट्या विधानांना निदान पानाखाली टिपा द्याव्यात. विक्रेत्याने ते पुस्तक इतिहासाच्या मांडणीत, नाझी छळाच्या इतिहासाशेजारी ठेवावे आणि व्यक्तिमत्त्वविकासाच्या फळीवरून आजच उचलावे. विद्यापीठांच्या इतिहास व जर्मन विभागांनी, म्युनिकच्या आवृत्तीचा आधार घेऊन, निवडक प्रकरणांची मराठी सटीप आवृत्ती हाती घ्यावी. हे काम खर्चिक आणि वेळखाऊ आहे, पण केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड १९२० च्या दशकात पुरे करणाऱ्या भाषेच्या ते आवाक्याबाहेरचे नाही. आणि ज्या संग्राहकाच्या कपाटात १९३० च्या दशकातील मूळ प्रत आहे, त्याने ती लपवू नये की जाळू नये. तिच्या पहिल्या पानावर एखाद्या नगरपालिकेचा शिक्का आणि जोडप्याचे नाव असेल, तर तो पुरावा ग्रंथालयाच्या स्वाधीन करावा, जिथे त्याची नोंद होईल आणि अभ्यासकाला तो मागता येईल.